फाट्यावरच्या निंबाचं आळं

२१ नोव्हेंबर

हे रजिस्टर माह्या सुनेनं दिलं. तनुजा तिचं नाव, अंगणवाडीत आहे. डाक्टरनं मले बीपी सांगतला तेव्हापासून तिनं एकच लावलं, "आई, राग आला का लोकाईवर ओरडू नका, ह्याच्यात लिहा." मी म्हटलं, माही शाळा चौथीपर्यंत, त्यातलेही दोन वर्षं बकऱ्यांमागं गेले. तर म्हणते, येते तसं लिहा, कोणी तपासत नाही. तपासत नाही तं लिहू कायले? पण आज लिहा लागते. आजचा राग लय मोठा आहे.

सकाळी फाट्यावर निंबाखाली दुकान मांडून बसली होती. वांगे, मेथी, टमाटे. सरपंच दौलतसिंग आला, संग फौजेतून रिटायर झालेला हवालदार लालसिंग, त्याच्या हातात टेप. माह्या टोपल्या सरकवून दोघं जागाच मोजायले लागले.

मी म्हटलं, "काय मोजून राह्यले गा? मले इथंच गाडता का?"

दौलतसिंग हात जोडून म्हणतो, "वयनी, आनंदाची बातमी आहे. गावात शहीद स्मारक होऊन राह्यलं. आपल्या फौजीचा पुतळा, सहा फूट, खाली चौथरा. सव्वीस जानेवारीले उद्घाटन. इथंच."

"इथं म्हणजे कोठी?"

"तुमी बसल्या ना, तिथंच."

आपला फौजी म्हणजे शिवमचे बाबा. माहे मालक. फौजेत ट्रक चालवत. खालून कांदे-बटाटे भरायचे अन् वर पहाडात पलटणीले नेऊन द्यायचे. दोन हजार एक साली काश्मीरात त्याईची गाडी सुरुंगावर गेली. नाव लिहिणार होती, पण हात अडला. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लिहिलेलं चालते का नाही ते कोणाले विचारलं नाही.

तेव्हापासून मी ह्या निंबाखाली बसते. तहसीलदारानं उठवलं नाही, रस्ता रुंद करणाऱ्यानं उठवलं नाही. आता उठवून कोण राह्यलं, तं माहाच नवरा.

२२ नोव्हेंबर

शिवम म्हणतो, "आई, बाजारात पत्र्याचं शेड भेटून राह्यलं. वर पंखा आहे. अन् तुले पेन्शन आहे, मी कमावतो, भाजी विकायची गरज काय?"

मी म्हटलं, "फाट्यावर वारा चांगला येते."

"डिसेंबरातही?"

उलटं बोलाले बापावर गेला. बसमधून उतरणारं गिऱ्हाईक ताजं असते, हे त्याले समजत नाही. बस आली का मी आधी कोण कोण उतरलं ते पाहते, शेवटचा माणूस उतरेपर्यंत पाहते, मंग ताजवा हातात घेते. धंद्यात नजर लागते. पंख्याखाली बसून धंदा होते काय?

२५ नोव्हेंबर

आज ग्रामपंचायतीत बैठक. विषय एकच, पुतळ्याचं तोंड कोणीकडं.

पूर्वेले केशरीचंद शेठचं किराणा दुकान. शेठ म्हणतो, "तोंड करा नाही तं नका करू, पण फौजीची पाठ माह्या गल्ल्याकडं नको." बरं, मंग पश्चिमेले पाठ. तिकडं मारुती. मारुतीले पाठ करून कोण उभं राहीन? दक्षिणेकडं तोंड कोणी करू देईना. राहिली उत्तर. लालसिंग उठून उभा राह्यला, मिशीले पीळ देऊन म्हणे, "फौजी माणूस सरहद्दीकडंच पाहीन. उत्तर म्हणजे उत्तर." सगळ्याईनं टाळ्या वाजवल्या. मंग कोणाच्या तरी ध्यानात आलं का उत्तरेले सार्वजनिक संडास आहे.

तीन घंटे झाले. चहा दोनदा झाला. माहे मेथीचे जुडे सुकून गेले. मी म्हटलं, "त्याले रसवंतीच्या चाकावानी फिरता ठेवा. सकाळी शेठकडं, दुपारी मारुतीकडं, संध्याकाळी जाईन संडासाकडं."

कोणी हासलं नाही. ग्रामसेवक नवा आहे, त्यानं वहीत लिहून घेतलं, "वीरपत्नींची सूचना : फिरता पुतळा." अन् खाली माही सही घेतली.

माही जागा जाते, हे कोणी बोललंच नाही. मीही नाही बोलली. नवऱ्याच्या स्मारकाले बायकोच आडवी आली, असं गावभर झालं असतं.

३० नोव्हेंबर

कारागीर अकोल्याचा आहे. त्याले फोटो पाह्यजे. माह्याजवळ एकच आहे, पासपोर्टचा, मानेपर्यंतचा. त्यात ते चिडल्यासारखे दिसतात, कारण फोटोवाल्यानं त्याईले तीनदा हनवटी वर करा म्हटलं होतं.

लालसिंग म्हणे, "वयनी, याच्यात नुसतं मुंडकं आहे. वर्दी, पट्टा, बिल्ले कारागिराले कसे समजतीन? एक बिल्ला चुकला तं फौजेचा अपमान." म्हणून त्यानं स्वतःचा फोटो आणला. पूर्ण वर्दीतला, उभा, मिशीसकट. तोंड माह्या फोटोचं घ्यायचं, वर्दी त्याच्या फोटोची घ्यायची. दोन्ही फोटो एकाच पाकिटात टाकून दौलतसिंगनं धाडले.

माह्या मालकाले मिशी नव्हती. एकदा सुट्टीवर येतानी ठेवून आले होते. मी हासली. दुसऱ्या दिवशी सकाळी काढून टाकली, अन् मलेच म्हणे, "पाह्य, आता बरं हाय काय?"

३ डिसेंबर

नवीन टूम. दौलतसिंगले कोणी सांगतलं का दिल्लीले फौजेचं मोठं स्मारक आहे, तिथं आपल्या फौजीचंही नाव कोरलेलं आहे. म्हणे आधी ते डिझाईन पाहून येऊ, मंग चौथरा बांधू.

नाव आहे हे मले माहीत होतं. शिवम पाच वर्षांपासून चल म्हणते. मी नाही गेली. रोज पाणी द्या लागते वाफ्याईले, नावाले पाहून काय करू?

तनुजा म्हणे, "आठ दिवस मी देते पाणी."

म्हणजे सगळ्याईनं ठरवूनच ठेवलं होतं.

११ डिसेंबर, दिल्ली

थंडी अशी का बोटात पेन धरवत नाही. आमी चौघं, मी, शिवम, दौलतसिंग, लालसिंग. अकोल्याहून गाडीत बसल्यापासून लालसिंगनं डब्यातल्या साऱ्याईले आपली नोकरी सांगतली. एक म्हातारी तं उठून दुसऱ्या डब्यात गेली.

स्मारक रस्त्यावरून उंच दिसन असं वाटलं होतं. तसं नाही. पायऱ्या उतरत खाली जा लागते. गोल गोल भिंती, एकीच्या आत एक. मले पाहूनच समजलं. हे तं आळं आहे. झाडाभोवती पाणी धरून ठेवाले करतो तसं. मधात ज्योत, भोवती आळे. एका फौजीले एक दगड, त्याच्यावर नाव. मी हातानं माप घेऊन पाह्यलं. साहेबाचा दगड अन् ड्रायव्हरचा दगड एकाच मापाचा. हे मले आवडलं.

दौलतसिंगले एका बाजूले पुतळे दिसले. "पाहा वयनी, पुतळे आहेत! म्हणजे आपलं बरोबर आहे." तो अन् लालसिंग पुतळ्यासंग फोटो काढाले तिकडंच पळाले. शिवम चपला ठेवायची जागा शोधाले गेला. मी म्हटलं, काढू नको, कोणीच काढून नाही राह्यलं. ऐकलं नाही.

मी एकटी. एक जवान पोरगा ड्युटीवर होता. म्हणे, "माताजी, किसका नाम ढूँढना है?"

"मेरे लडके के बाप का."

"नाम बताइए."

"नाम नहीं लेते."

त्यानं डोकं खाजवलं. "लडके का नाम?"

"शिवम."

बिचारा शिवम नावाचे फौजी शोधत बसला. मंग शिवम स्वतःच आला, अनवाणी, चपला हातात घेऊन. त्यानं बापाचं नाव सांगतलं. तो पोरगा आमाले भिंतीपाशी घेऊन गेला.

शिवमनं बोट ठेवलं, तिथं मी बोट ठेवलं. दगड थंडगार.

शेवटची सुट्टी संपवून निघाले तेव्हा मले म्हणाले होते, फाट्यावर सोडाले येतं काय. मी म्हटलं, आता आठ घंट्यांनी लाईट आली, वांग्याले पाणी चालू आहे, तुमी जा, तुमाले काय रस्ता माहीत नाही? ते गेले. तेच मी दगडाले सांगतलं, का मोटर बंद करून आली असती तं एक वाफा सुकला असता. एकच.

त्या पोरानं मले सॅल्यूट मारला. मी म्हटलं, "बेटा, स्वेटर पतला है तेरा."

१६ डिसेंबर

परत आलो. तनुजानं वाफ्याईले इतकं पाणी देलं का मेथी पिवळी पडली. काही बोलली नाही, इथं लिहून राह्यली.

बैठकीत मी सांगतलं, "दिल्लीले पाहून आली मी. पुतळ्याचं राहू द्या. निंबाभोवती गोल ओटा करा, आळ्यावानी. त्याले एक दगड लावा नावाचा. लोकं सावलीत बसतीन, बसची वाट पाहतीन. झाडालेही पाणी भेटन."

दौलतसिंग म्हणे, "वयनी, आळं वांग्याले असते, शहीदाले नाही. अन् पुतळा बनून राह्यला."

केशरीचंद म्हणे, "पुतळ्यानं गावाची शान वाढते."

झाड तोडणार आहेत हे मले तिथंच समजलं. पुतळ्याच्या डोक्यात निंबोळ्या पडतात म्हणे. पाखरांचं तं विचारूच नका.

१२ जानेवारी

आज जागा सोडली. स्वतःच टोपल्या उचलल्या, कोणाले हात लावू देला नाही. शेडात बसली. पंखा आहे. जानेवारीत पंखा.

शेडातून रस्ता दिसत नाही. बसचा आवाज येते, पण कोण उतरलं दिसत नाही. दोनदा उठून कोपऱ्यापर्यंत जाऊन पाह्यलं. तेवढ्यात गायीनं कोबी खाल्ला.

धंदा बसला. उद्यापासून बीपीची गोळी दोन घे म्हणते तनुजा.

२३ जानेवारी

पुतळा आला! टेम्पोतून, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला. सारा गाव फाट्यावर. चौथरा तयार, तोंड कोणीकडं ते अजून ठरलं नाही, म्हणून खाली चार बोल्ट चारी दिशेनं टाकून ठेवले. निंब उद्या सकाळी तोडणार, आरीवाला सांगून ठेवला आहे.

दौलतसिंग म्हणे, एकदा हार घालून पाहू, माप बरोबर येते का. कापड काढलं.

मी पाह्यलं. लालसिंगनं पाह्यलं. साऱ्याईनं पाह्यलं.

लालसिंग उभा होता, पितळी रंगाचा, सहा फूट. मिशीले पीळ, नाक तेच फेंदारलेलं, गालावरचा चामखीळसुद्धा सोडला नाही कारागिरानं. दोन फोटोतून त्याले मोठा अन् साफ तोच दिसला, त्यानं तोच घेतला. माह्या मालकाचा फोटो पाकिटात जसाच्या तसा परत आला, वर लिहिलं होतं, "नमुन्यासाठी उपयोग झाला नाही."

लालसिंग स्वतः पुतळ्याच्या बाजूले उभा. बोटानं पुतळ्याचे बिल्ले मोजले. मंग हळूच म्हणे, "बिल्ले तं बरोबर आले."

तेवढ्यात दौलतसिंगच्या हातातला हार पुतळ्याच्या गळ्यात पडला. अन् मागून लालसिंगची बायको गोमतीबाई आली. तिनं चौथऱ्यावर नवरा पाह्यला, गळ्यात झेंडूचा हार पाह्यला, अन् अशी किंचाळली का शेठच्या दुकानातली मांजर पळून गेली.

"माह्या जित्या नवऱ्याले हार घातला! कोणी घातला रे, समोर या!"

दौलतसिंग म्हणे, "वयनी, तो पुतळा आहे."

"पुतळा कोणाचा आहे? सांग ना, कोणाचा आहे? जित्या माणसाचा पुतळा करता अन् खाली शहीद लिहिता?"

लालसिंगले तिनं हाताले धरून घरी नेलं. मागं वळून पाहू देलं नाही. आज त्याले घराबाहेर पडायची मनाई आहे म्हणे, ग्रहण असल्यासारखी.

मले हसू आवरेना. घरी येईपर्यंत हासली. मंग पाकिटातला फोटो काढून पाह्यला. तेच चिडलेलं तोंड. मी म्हटलं, वाचले तुमी.

२४ जानेवारी

सकाळी कारागिराचा फोन. म्हणे, मिशी तासून देतो. दौलतसिंग म्हणे, नाक? म्हणे, नाकाले वेळ लागीन. गोमतीबाई म्हणे, माह्या नवऱ्याच्या नाकाले कोणी तासणी लावली तं पाहा.

अन् परवा वाशीमहून साहेब येणार, बँड येणार, शाळेची पोरं येणार.

दुपारी दौलतसिंग शेडात आला. घाम आलेला. पंख्याखालीच उभा राह्यला, तेवढा एक उपयोग झाला पंख्याचा.

"वयनी, ते आळ्याचं तुमी काय म्हणत होत्या?"

"म्हणत नव्हती. सांगत होती."

"हो, सांगत होत्या."

"आरीवाला कोठी आहे?"

"चहा पिऊन राह्यला."

"त्याले आधी घरी पाठव. मंग बोलू."

पाठवला. तेव्हाच मी खुरपं घेतलं अन् फाट्यावर गेली. निंबाच्या बुडाशी दोरी बांधली, दुसऱ्या टोकाले खुरपं, अन् फिरली. गोल झाला. चाळीस वर्षं आळे करून राह्यली, मले कंपास लागत नाही. गवंडी तिथंच होता, त्यानं विटा ठेवल्या.

केशरीचंद दुकानातून आला. "तोंड कोणीकडं होईन मंग?"

"गोलाले तोंड नसते, शेठ. पाठही नसते. चारी बाजूनं बसा."

शेठनं मान हालवली. दोन मिनिटं थांबला अन् म्हणे, "पण नावाचा दगड? तो कोणत्या बाजूनं?"

सुरू झालं परत. मारुती, दुकान, संडास. मी खुरपं आपटलं. "बस थांबते त्या बाजूनं! उतरणाऱ्याले पहिलं तेच दिसलं पाह्यजे. अन् त्याच बाजूनं मी बसते. कोणाले काही म्हणायचं असन तं आता म्हणा."

कोणी काही म्हटलं नाही. खुरपं हातात होतं म्हणूनही असन.

२५ जानेवारी

दगड कोण कोरून देईन एका दिवसात? शेवटी पाटे-वरवंटे घडवणारा पाथरवट सापडला, रस्त्याच्या कडंले पालात राहते. त्याच्याजवळ दुसरा दगड नव्हता, पाट्यासाठी घडवलेला काळा दगड होता. मी म्हटलं, चालते. चांगला दगड आहे.

तो म्हणे, "बाई, नाव सांगा."

दौलतसिंग फोनवर. शिवम विटा आणाले गेलेला. तनुजा अंगणवाडीत. पाथरवट छन्नी धरून बसलेला.

"मले लिहितावाचता येत नाही," तो म्हणे. "तुमी खडूनं दगडावर काढून द्या. जसं काढसान तसं मी कोरतो. एक रेघ इकडची तिकडं होत नाही माही."

खडू हातात देला.

मी बसली दगडापुढं. चोवीस वर्षं झाली त्याईले जाऊन, लग्नाले तीस. एकदाही तोंडातून काढलं नाही. नायक हा त्याईचा फौजेतला हुद्दा, तो शब्द सोपा गेला. मंग हात थांबला. पाथरवट म्हणे, "येत नाही काय?" मी म्हटलं, "येते. चूप बस."

लिहिलं. शेवटचं अक्षर खाली घसरलं. पुसाले गेली, तं तेवढ्यात त्यानं छन्नी लावली.

२६ जानेवारी

साहेब आले, बँड वाजला. लालसिंग वर्दी घालून आला. गोमतीबाईनं त्याच्या कानामागं काजळाचा टिक्का लावून पाठवला होता. सॅल्यूट त्यानं असा मारला का मले वाटलं, दगडही ताठ झाला. मंग रडला. मिशी ओली झाली.

साहेब दगडाकडं वाकून पाहून म्हणे, "अक्षर जरा वेगळं वाटतं. मुद्दाम केलंय का?"

दौलतसिंग छाती काढून म्हणे, "हो साहेब, डिझाईन आहे."

पुतळ्याचं काय करायचं, तर लालसिंगनं आपल्या संत्र्याच्या बागेत नेऊन उभा केला. हार काढून, गोमतीबाईच्या देखरेखीत. म्हणे दोन दिवसांपासून बाग खाणारा एकही रोही, म्हणजे नीलगाय, फिरकला नाही तिकडं. उत्तरेकडं तोंड आहे.

३० जानेवारी

आजपासून परत निंबाखाली. ओट्यावर चार म्हातारे बसून राह्यले, शेठच्या दुकानातल्या बिड्या ओढतात अन् राख आळ्यात टाकतात. दोनदा सांगतलं, तिसऱ्यांदा पाणी फेकलं.

मेथीवर पाणी मारतानी दगडावरही मारते. धूळ बसते ना. पाणी मारलं का अक्षरं चांगली दिसतात. नायक पुंजाजी. शेवटचं अक्षर घसरलेलं. बाया येतात, विचारतात कोणं लिहिलं, मी सांगते, पाथरवटानं.

साडेआठची बस आली तेव्हा केशरीचंदची बायको वांगे पाहून राह्यली होती. एक एक वांगं दाबून पाहते, जशी सोयरीक करून राह्यली. मी म्हटलं, बाई, घेत असन तं घे. ताजव्यात टाकले, मोजले, वरतून एक जास्त देलं. मान वर केली तं बस गेलेली. कोण उतरलं, कोण नाही, काहीच पाह्यलं नाही.

असं चोवीस वर्षांत कधी झालं नव्हतं. दोन गोळ्याईनं ध्यान कमी होते काय, तनुजाले विचारा लागीन.